मदत हवी आहे: घरी अभंग रेकॉर्ड करायचेत (पेटी, पखवाज, टाळ). ५० हजारांत काय घ्यावं?

नाशिकचा_टाळकरी

मंडळी, आमच्या भजनी मंडळाचे आठ-दहा अभंग घरीच नीट रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे आहेत. बुवा स्वतः पेटी वाजवत गातात, सूर काळी एक. सोबत एक पखवाज, टाळांची एक जोडी आणि मागे ध्रुवपद धरणारे तिघे.

खोली १० बाय १२ फुटांची आहे. खाली फरशी, तीन भिंती मोकळ्या, चौथीला खिडकी. विंडोजचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. सध्या मोबाइलवर रेकॉर्ड करतो, पण टाळ सुरू झाले की बुवांचा आवाज मागे पडतो. दुकानदार म्हणतो दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि एक भारी कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक घ्या, काम होईल. खरंच होईल का? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आणि भिंतींना फोम लावू का?

खर्ज

दोन इनपुटांत तुमचं काम होणार नाही. किती इनपुट लागतील हे माइकच्या किमतीवर ठरत नाही, एका वेळी किती वाद्यं वाजणार यावर ठरतं. बुवांचा गळा एक, पेटी दोन, पखवाजाची शाईची (चढ्या स्वराची) बाजू तीन, कणकेची (खालच्या स्वराची, म्हणजे धूम) बाजू चार. अभंगाची लय मेट्रोनोमवर चालत नाही. चाल चढते, शेवटी द्रुत होते, आणि बुवा व पखवाजी एकमेकांकडे बघून ती चढवतात. म्हणून हे दोघं एकाच वेळी रेकॉर्ड व्हायलाच हवेत. टाळ आणि ध्रुवपद मात्र नंतर वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

मोबाइलवर जे होतंय त्याचं कारण वेगळं आहे. फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. टाळेचा ठोका आला की तो सगळंच खाली ओढतो, त्यात गळाही दबतो. इंटरफेसवर पातळी तुम्ही हाताने लावता, त्यामुळे ही अडचण राहत नाही.

मी असा संच सुचवेन:

बेहरिंगर यूएमसी ४०४ एचडी, चार माइक इनपुटचा. गळ्यासाठी शुअर एसएम ५८. बेहरिंगर सी-२ या छोट्या कंडेन्सर माइकची जोडी, एक पेटीला आणि एक शाईच्या बाजूला. कणकेच्या बाजूला बेहरिंगर एक्सएम ८५००. बंद कपांचे हेडफोन तीन, आणि ते वाटून द्यायला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर (एचए ४०० ला चार जण जोडता येतात). भाव सतत बदलतात म्हणून आकडे देत नाही, पण स्टँड आणि केबल यांच्यासाठी सात-आठ हजार आधीच बाजूला काढा. लोक इथेच चुकतात आणि मग माइक उशीवर ठेवायची वेळ येते. बूम (आडवा दांडा) असलेले स्टँड घ्या. जमिनीवर बसून गायचं असल्याने किमान दोन बुटके हवेत.

भारी कंडेन्सर या खोलीत घेऊ नका. तो गळ्याइतकाच पंखा, भिंतीवरून परतणारा आवाज आणि शेजारचा कुकरही टिपेल. जवळ धरलेला एसएम ५८ इथे जास्त स्वच्छ आवाज देईल.

चौथा_ट्रॅक

खर्ज यांच्याशी सहमत. सॉफ्टवेअरचं सांगतो: रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे आणि ८ जीबी रॅमवर ते आरामात चालतं. एखादं कीर्तन कापायला, साफ करायला ऑडॅसिटी छान आहे. पण चार ट्रॅक, प्रत्येकाचे तीन-चार टेक (पुन्हा पुन्हा घेतलेली रेकॉर्डिंग) आणि त्यावर टाळ, इतकं सांभाळायला रीपरच बरं.

पहिल्या दिवशी या क्रमाने करा. आधी इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज फारसा उशीर न होता पोचवणारं सॉफ्टवेअर) उतरवून बसवा. मग रीपरमध्ये कंट्रोल-पी, ऑडिओमध्ये डिव्हाइस, तिथे एएसआयओ निवडा. ऑल्ट-एन्टर दाबून प्रकल्पाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८,००० करा आणि रेकॉर्डिंग २४ बिट वेव्ह ठेवा. कंट्रोल-टी चार वेळा दाबा, चार ट्रॅक तयार होतील. प्रत्येकाचं लाल बटण दाबून इनपुट 'मोनो' १, २, ३, ४ असे द्या. नावं आत्ताच लिहा, नंतर कंटाळा येतो. चार ट्रॅकना मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे दहा मिनिटांच्या अभंगाला ३५० एमबीच्या आसपास.

पातळी: बुवांना सगळ्यात चढी ओळ पूर्ण जोरात म्हणायला लावा आणि शिखर (मीटरवरची सर्वात मोठी पातळी) उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन (इंटरफेसवरची आवाज वाढवायची खुंटी) ठेवा. २४ बिटांत कमी पातळीने काही बिघडत नाही, पण फाटलेला आवाज परत जोडता येत नाही. गाताना माणूस तालमीपेक्षा जोरातच गातो, हे गृहीत धरा.

हेडफोनमध्ये ऐकण्यासाठी इंटरफेसचं थेट मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून न फिरता आवाज ऐकणं) वापरा आणि रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर स्वतःचा आवाज दोनदा येतो आणि गायक सूर सोडतो. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्यात आवाज उशिरा पोचतो.

खर्ज

खोलीबद्दल राहिलंच. फोम लावू नका. इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे स्वर शोषतो. धुमेचा घुमारा तसाच राहतो आणि वर आवाज मंद, कोंदट होतो. अंड्यांचे ट्रे तर काहीच करत नाहीत. खोलीत टाळी वाजवून बघा. 'टर्र' असा कंप परत आला तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती एकमेकींवर आवाज फेकताहेत. फरशीवर जाड सतरंजी घाला, त्यावर गादी. बुवांच्या मागे आणि एका बाजूला दोरीवर दुहेरी गोधड्या टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. अंतर ठेवल्याने तीच गोधडी जास्त खालचे स्वरही शोषते. खोलीच्या बरोबर मध्यावर आणि कोपऱ्यात कुणाला बसवू नका.

आता पेटी आणि गळा. दोन्ही एकाच माणसापाशी असल्याने पेटी गळ्याच्या माइकमध्ये शिरते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकला पाठीमागून सर्वात कमी ऐकू येतं, त्याचा फायदा घ्या. गळ्याचा माइक हनुवटीच्या जरा खाली, बाजूने बूमवर आणून तोंड वर ओठांकडे करा, अंतर चार-पाच बोटं. त्याची पाठ पेटीकडे राहते. पेटीचा माइक श्रोत्यांच्या बाजूने, पट्ट्यांच्या वर फूटभर, तोंड खाली. त्याची पाठ बुवांच्या तोंडाकडे येते. भात्याच्या बाजूला नेलात तर 'फस्स' आणि लाकडाची करकर रेकॉर्ड होईल. तरीही थोडी मिसळ राहणारच. ती राहू द्या, भजनात ती कानाला नैसर्गिक वाटते. फक्त मग गळ्याची एक ओळ वेगळी दुरुस्त करायचा हट्ट धरू नका. पेटीच्या माइकमध्ये जुनी ओळ ऐकू येत राहील. पूर्ण कडवं पुन्हा घ्या.

शाई_आणि_कणीक

पखवाजाचं थोडं. शाईच्या बाजूचा माइक पुडीपासून वीतभर, काठाकडे रोखलेला. थेट मध्यावर रोखला तर 'ता' टोचतो. कणकेच्या बाजूचा थोडा लांब, दीड वीत, नाहीतर धुमेचा धक्का माइकला फुगवतो. दोन्ही पुड्या उलट दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे दोन माइक एकत्र केल्यावर खर्ज कधीकधी कापला जातो. रीपरमध्ये एका ट्रॅकवरचं ध्रुवता (लहर वर-खाली उलटी करणं) उलटवायचं बटण दाबून बघा, ज्या स्थितीत धूम भरदार लागेल ती ठेवा.

कणीक हा रेकॉर्डिंगमधला सर्वात मोठा शत्रू आहे. ती वाळली की धूम चढते आणि कोरडी बोलते. पहिला टेक आणि चौथा टेक जोडायला गेलात तर पखवाज बदललेला ऐकू येतो. प्रत्येक टेकआधी बोटाने पाणी लावा आणि शाईची बाजू पेटीच्या षड्जाशी पुन्हा मिळवा. एक गोष्ट आधीच तपासा: पेटी अगदी ठरलेल्या स्वरावर असेलच असं नाही. ट्यूनरवर पेटीची काळी एक बघा, आणि तानपुरा अ‍ॅप वापरणार असाल तर ते पेटीला मिळवा. अ‍ॅपचे स्वर बदलता येतात, पेटीचे नाहीत.

टाळ नंतर घ्या हे बरोबर, पण टाळेशिवाय ठेका रंगत नाही अशी तक्रार येईल. पहिल्या टेकला टाळकऱ्याला टाळ मुठीत दाबून बंद वाजवायला सांगा. पखवाजीला लय दिसते आणि माइकना टाळ जवळजवळ ऐकू येत नाही. नंतर खरा टाळ एका सी-२ वर, तीन-साडेतीन फुटांवरून, शिखर उणे १८ च्या आसपास. टाळेचं शिखर इतकं क्षणिक असतं की मीटर ते पूर्ण दाखवतोच असं नाही.

वीणेकरी

थोडं वेगळं मत. इतक्या पसाऱ्यापेक्षा झूम एच४ इसेन्शियल हा हातात मावणारा रेकॉर्डर बघा. वरच दोन माइक आहेत, शिवाय दोन एक्सएलआर (माइकच्या केबलचे) इनपुट, आणि ३२ बिट फ्लोट (अगदी बारीक आणि खूप मोठा आवाज दोन्ही सामावणारी पद्धत) असल्याने टाळेने आवाज फाटण्याची भीती जवळजवळ नाही. देवळात किंवा सप्ताहात सगळं मंडळ एकत्र टिपायला त्याला तोड नाही.

खर्ज

वीणेकरी, सप्ताहासाठी मीही तेच सांगेन. पण एकत्र टिपलेल्यात नंतर टाळ कमी करता येत नाही, आणि धागाकर्त्यांची मूळ तक्रार नेमकी तीच आहे. त्यात १० बाय १२ च्या खोलीत दूरचा माइक खोलीच जास्त ऐकवतो.

नाशिकचा_टाळकरी

सर्वांचे मनापासून आभार. चार इनपुटचा संच घेतला, गोधड्या टांगल्या. फरक खूप आहे. तीन अडचणी: टाळ फक्त डाव्या कानात येतोय. सगळ्या ट्रॅकवर बारीक गुणगुण आहे. आणि यूट्यूबवर आवाज इतरांपेक्षा बारीक वाटतो.

चौथा_ट्रॅक

डाव्या कानाचं कारण: टाळेच्या ट्रॅकला इनपुट 'स्टीरिओ १/२' दिलं गेलंय. मोनो करून पुन्हा घ्या. घेतलेला टेक वाया गेलेला नाही, आयटमच्या गुणधर्मांत चॅनल मोड मोनो डावा करा.

गुणगुण: आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर घ्या. टीव्हीला एचडीएमआय जोडलेली असेल तर काढा. तरी राहिली तर इन्व्हर्टर आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा, आणि फोन माइकच्या केबलपासून लांब ठेवा.

बारीक आवाज: यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) याहून मोठा आवाज खाली आणतं, पण बारीक आवाज वर चढवत नाही. तुमचं मिश्रण टाळेच्या शिखरांमुळे अडकलंय. आधी टाळेचा ट्रॅक तीन-चार डेसिबल खाली घ्या, गळ्यावर ८० हर्ट्झखालचं कापा, कणकेच्या बाजूला मात्र काही कापू नका. मग मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे) लिमिटर (शिखरं ठरावीक मर्यादेवर अडवणारं साधन) लावून कमाल शिखर उणे १ ठेवा आणि उणे १४ च्या जवळ न्या. लिमिटर तीन डेसिबलहून जास्त दाबू लागला तर टाळ अजून जास्त आहे, परत त्याच ट्रॅकवर जा.

नाशिकचा_टाळकरी

चार्जर काढल्यावर गुणगुण गेली. टाळ मोनो केला, जमलं. ध्रुवपद उद्या घेतो. तिघांना एकच माइक चालेल ना?

खर्ज

चालेल. अर्धगोलात उभे करा, माइकपासून दोन-अडीच फूट, मोठ्या आवाजाचा माणूस अर्धं पाऊल मागे. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा, म्हणजे एकमेकांचा सूर ऐकू येईल. मोकळ्या बाजूच्या कपातून आवाज गळू नये म्हणून तो कप गालावर दाबून धरायला सांगा. दोनदा म्हणवून घ्या आणि दोन्ही टेक डावी-उजवीकडे थोडे पसरा.