नंदा तळ्याचं पाणी सोडायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध?

दुर्बीणवाला_मडगाव
काल सकाळी कुडचड्याला नंदा तळ्यावर गेलो आणि खरंच वाईट वाटलं. मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार) उघडी, पाणी उतरलेलं, अर्ध्या तळ्यात नुसता चिखल. २०२२ मध्ये रामसार यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलेलं हे गोव्यातलं पहिलं तळं, जेमतेम ४२ हेक्टर, आणि त्याची ही अवस्था? पाणी बारमाही ठेवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. चिखलात तीसेक मुग्धबलाक करकोचे आणि बरेच पांढरे शराटी उभे होते, बिचारे किती दिवस टिकणार.

वायंगणवाला
बाब, तुझ्याच पोस्टीत उत्तर आहे ते बघ. तीस मुग्धबलाक चिखलात कशाला उभे होते, फोटो काढायला? पाणी उतरलं म्हणूनच आले ना. तळं भरलेलं असतं तेव्हा ये, पाणकावळे आणि अडई बदकं दिसतील, हे मोठे लांब पायांचे पक्षी कडेला कुठेतरी चारदोन. त्यांना घोट्यापासून गुडघ्याएवढं पाणी लागतं, त्याच्यावर गेलं की चोच पोचत नाही. आणि ते पाणी आम्ही वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी सोडतो, खालच्या शेतात भात उभं असतं. बांध आणि मानस नसती तर हे तळंच राहिलं नसतं, पाणी सरळ नदीत गेलं असतं.

कोंगेखाऊ
+१. मुग्धबलाकाची चोच बघितलीय का कोणी नीट? मोठ्या पक्ष्याची मिटली तरी मधे फट राहते, पिल्लाची तशी नसते, वाढता वाढता येते. खाणं मुख्यतः गोगलगायी, म्हणजे आपले कोंगे. पाणी उतरलं की कोंगे उघडे पडतात आणि यांची जत्रा भरते. चिखल म्हणजे घाण हे आपलं, शहरातल्या माणसाचं डोकं.

दुर्बीणवाला_मडगाव
पटतंय, पण अर्धंच. अडईचं काय? कमळपक्ष्याचं काय? तो पानांवरच चालतो, पाणी गेलं की पानं चिखलात बसतात. तुम्ही एका जातीचा हिशेब मांडताय. सगळं एकदम न सोडता हळूहळू सोडा, एक कोपरा खोल ठेवा, एवढं मागणं जास्त आहे का?

वायंगणवाला
हळूहळूच सोडतात, भाताला एकदम पूर नको असतो 😄 कोपऱ्याचं बोललास ते ठीक आहे, तसं कोणी शेतकऱ्यांना येऊन विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. येतात ते थेट "पाणी बंद करा" म्हणत.

सावर्डेकर
मी तिसराच मुद्दा काढतो, मारू नका. तळं भरून ठेवून बोटिंग सुरू करा, पोरांना काम मिळेल. मयेच्या तळ्यावर बोटी फिरतात, तिथे काय बिघडलं?

कोंगेखाऊ
सावर्डेकर भाऊ, मग बोटीतून बघायला करकोचा तरी राहील का तो सांगा. गाडीत बसून बघितलं तर पक्षी जागेवर चरत असतो, पायी माणूस बांधावर दिसला की उडतो. मागच्या रविवारी एकजण मोठी लेन्स घेऊन चिखलात उतरला, सगळा थवा उठला, दुपारपर्यंत परतला नाही. त्याचा फोटो मात्र छान आला, उडतानाचा. अजून चिडचिड होते.

सावर्डेकर
म्हणजे पोरांनी काय करायचं, तुमच्या गाड्या पुसायच्या?

वायंगणवाला
तुझ्या पोरांना सकाळी साडेसहाला बांधाच्या तोंडाशी उभं कर, त्यांनी लोकांना चिखलात उतरू देऊ नये आणि कोणता पक्षी कुठे आहे ते लांबून दाखवून शंभर रुपये घ्यावे. पक्षी ओळखायला कोंगेखाऊ शिकवेल. दुर्बीणवाला, तू रविवारी येणार असलास तर लवकर ये, मानस उघडतात ती बघ, मग परत भांडू. हॉर्न मात्र वाजवू नकोस.