9 वर्षांच्या लेकीसाठी इन्सुलिन पंप घ्यायचाय, वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा

नेरुळची_सई

नमस्कार मंडळी. लेकीला टाइप 1 डायबिटीस आहे, सव्वादोन वर्षं झाली, आता चौथीत आहे. सध्या इन्सुलिनच्या पेनवर आहोत, दिवसाला चार, कधी पाच इंजेक्शनं, आणि दंडावर लिब्रे, म्हणजे शुगर दाखवणारा सेन्सर. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले पंपाचा विचार करा, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आमचा मोठा त्रास पहाटेचा. तीन-साडेतीनला शुगर चढायला लागते ती सहाला 260-270, आणि रात्रीचा लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिनचा डोस वाढवला की दोन वाजता 65 वर येते, मग मी ग्लुकोजचं पाणी घेऊन तिला उठवते, ती उठून बसते, डोळे मिटूनच पिते आणि माझ्या खांद्यावर परत झोपते. कंपनीचा माणूस घरी डेमो देऊन गेला, त्याने सगळं छानच सांगितलं, पण मला वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. कुठला घ्यावा, महिन्याचा खर्च खरा किती येतो, शाळेत कसं करता, आपल्याकडच्या घामात ते चिकटून राहतं का. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीच्या अंगाला मशीन कशाला लावता. त्यांचंही मन मोडायचं नाहीये मला.

घोडबंदरची_आई

सईताई, माझा मुलगा 12 चा, तीन वर्षं पंपावर. तुम्ही पहाटेचं लिहिलंय ना, आम्ही त्याच कारणासाठी घेतला. लाँग अ‍ॅक्टिंग एकदा टोचलं की ते आपल्या चालीने दिवसभर चालतं, मधे कमी-जास्त करता येत नाही. पंपात ते नसतंच, फक्त रॅपिड, म्हणजे लगेच काम करून लवकर संपणारं इन्सुलिन असतं आणि तेच थेंबाथेंबाने जात राहतं, दर तासाचा दर वेगळा लावता येतो, म्हणजे रात्री 12 ते 3 कमी आणि 3 ते 7 जास्त. अर्ध्या युनिटचं पेन आहे ना तुमच्याकडे, ते अर्ध्याच्या खाली जात नाही, पंपात तासाला 0.025 युनिटने वर-खाली करता येतं.

पण यातच धोकाही आहे आणि तो डेमोत कोणी नीट समजावत नाही. अंगात लाँग अ‍ॅक्टिंगचा साठा नाही म्हणजे नळीतून जाणं थांबलं की काही तासांत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारं आम्ल. आमच्या पहिल्याच गणपतीत झालं. मुलगा जेवून खेळत होता, शुगर 310, पंपातून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, दिलं, तासाने बघते तर 340. पोटात दुखतंय म्हणाला तर मला वाटलं मोदक जास्त झाले. मग कीटोनची स्ट्रिप लावली, ती बघता बघता जांभळी. अंगाला लावलेला सेट काढला तर ती मऊ कॅन्युला, म्हणजे आत जाणारी बारीक नळी, कातडीखाली पार दुमडलेली, आणि अलार्म एकदाही वाजला नव्हता. तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय: 250 च्या वर आहे आणि करेक्शन देऊन तासाभरात उतरली नाही तर पेनने टोचायचं, सेट बदलायचा, कारण नंतर शोधायचं. तुमचे आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंप आला तरी पेन, सुया आणि कीटोन स्ट्रिप्स शाळेच्या बॅगेत राहणारच, हे घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

ऐरोलीचा_बाबा

वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे मेडट्रॉनिकचा 780जी आहे, मुलगी 10 ची. हा सेन्सर बघून दर 5 मिनिटांनी इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतो, करेक्शनही स्वतः देतो, टार्गेट 100, 110 नाहीतर 120 ठेवायचं. आम्हाला डॉक्टरांनी वय 7 च्या पुढे आणि दिवसाला किमान 8 युनिट लागत असतील तरच असं सांगितलं होतं. जुन्या 640जी मध्ये शुगर पडणार असं दिसलं की इन्सुलिन थांबतं, पण चढली तर तो स्वतःहून काही वाढवत नाही. तुमचा त्रास चढण्याचा आणि पडण्याचा दोन्हीचा आहे म्हणून मी 780 म्हणेन. पण ऑटोमॅटिक म्हणजे आपण मोकळे असं नाही हो, जेवणाचे कार्ब्स, म्हणजे कर्बोदकांचे ग्रॅम, पंपात तुम्हालाच टाकायचे आणि बोलस, म्हणजे जेवणाचं इन्सुलिन, जेवायच्या 10-15 मिनिटं आधी द्यायचा. पोरगी आधी जेवली आणि मग आठवलं की त्या दिवशी आलेख डोंगरासारखा.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. पंपाचे लाख एकदम जातात आणि त्यासाठी माणूस कुठूनतरी सोय करतो, पण दर महिन्याला जे जातं ते तिच्या कॉलेजपर्यंत जाणार आहे. सेट तीन दिवसांनी बदलायचा म्हणजे महिन्याला 10, तेवढेच रिझर्व्हायर (पंपात इन्सुलिन भरायची नळकांडी), शिवाय सेन्सर, तो 7 दिवसांचा असतो आणि आमच्या पंपाला लिब्रे चालत नाही. आमचा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास जातो. परवडेनासं झालं म्हणून लोक सेट पाच-सहा दिवस ओढतात, मग तिथे गाठी होतात आणि इन्सुलिन शोषलंच जात नाही. तसं करावं लागणार असेल तर पंपापेक्षा पेन आणि लिब्रे नीट चालवलेलं कितीतरी चांगलं, हे मी अगदी मनापासून लिहितोय. कंपनीकडून तीन वर्षांच्या सामानाचं कोटेशन मागा, पंप बंद पडला तर बदली किती तासांत मिळेल ते लेखी घ्या, मेडिक्लेमवाल्यांचं उत्तरही लेखीच घ्या. आणि विकत घेण्याआधी ट्रायल मागाच.

कळव्याची_रेवा

काकू, मी 24 ची आहे, आठव्या वर्षापासून टाइप 1. एक विचारू, तिला विचारलंत का? 11 ची असताना मी नाही म्हणाले होते, फ्रॉकमधून दिसेल, मुली हात लावतील म्हणून. आईने तेव्हा जबरदस्ती केली नाही, सोळाव्या वर्षी मीच मागितला. आजीचंही तुमच्या सासूबाईंसारखंच होतं. मग एकदा सेट बदलताना आईने तिला शेजारी बसवलं, टक् आवाज झाला आणि तीन दिवसांची सुई संपली, एवढंच, हे तिने स्वतः बघितलं. आठवडाभरात तिने जुन्या लुगड्याच्या काठाची पंपासाठी पिशवी शिवली, आतून मऊ मलमल लावून, नळीला बरोबर बटणाएवढं भोक ठेवून. लोकलच्या गर्दीत नळी कुठे अडकू नये म्हणून मी अजून तीच कुर्त्याच्या आत बांधते.

घामाचं म्हणाल तर स्पिरिटने पुसल्यावर जागा पूर्ण वाळू द्या, फुंकर मारू नका, त्या दिवशी अंगाला तेल नको, आणि वरून खेळाडू लावतात ती ताणणारी टेप गोल कापून. मे महिन्यात तरीही निघतं. शाळेत एक स्पेअर सेट ठेवाच. शाळा सीबीएसई असेल तर 2017 चं परिपत्रक प्रिंट काढून द्या, त्यात दहावी-बारावीच्या टाइप 1 च्या मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी आहे. चौथीला ते थेट लागू नाही पण बाई लगेच ऐकतात.

नेरुळची_सई

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. रेवा, आज लेकीला विचारलं. तिने एकच विचारलं, "मग रात्री मला उठवणार नाहीस ना?" मला उत्तर देता येईना.

आम्ही असं ठरवलंय की आत्ता लगेच घ्यायचा नाही. दोन महिने काटा घेऊन कार्ब्स मोजायचे. आजच सुरू केलं, 30 ग्रॅम सुक्या पिठाची पोळी म्हणजे साधारण 20 ग्रॅम कार्ब्स, आणि आमच्याकडच्या पोळ्या 45 ग्रॅम पिठाच्या निघाल्या! म्हणजे इतके दिवस मी दोन पोळ्यांना जवळजवळ एका पोळीचं इन्सुलिन कमीच देत होते. सासूबाईच आता पीठ तोलून देतायत. दिवाळीच्या सुट्टीत 780 ची ट्रायल घेऊ. अजून एक, पोरगी अगदी काटकुळी आहे, पोटावर चिमटीत काही येत नाही, तिला मऊ कॅन्युला चालेल की स्टीलची सुई?

घोडबंदरची_आई

काटकुळ्या मुलांना सरळ मऊ कॅन्युला स्नायूवर टेकून दुमडते, आमचं तेच झालं होतं. तिरका घालायचा सेट किंवा 6 मिमीची स्टील मागा, स्टील दुमडत नाही पण दोन दिवसांनी बदलावी लागते, म्हणजे महिन्याचे सेट 15 धरा. जागा पोटापेक्षा कुल्ल्यावर बघा, तिथे थोडं मांस असतं. ट्रायलमध्ये दोन्ही सेट लावून बघा आणि ज्या रात्री पहिल्यांदा लावाल त्या रात्री दोन-तीनदा उठून बोटाची शुगर बघा, सेन्सर असला तरी. आणि आमचा पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतो, 780 चंही तसंच आहे, सेल संपल्याचा अलार्म नेमका रात्री वाजतो, तेव्हा एक पाकीट आधीच आणून ठेवा.