मदत हवी आहे: मरून फीत आणि एक रिटायर्ड काका
नमस्कार मंडळी, पोरगा सातवीत आहे, १० जुलैला शाळेत नाईक यशवंत घाडगेंवर बोलणारे. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९४४ ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटेच धावून गेले, टॉमीगनचं मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर दस्त्यानेच उरलेल्या दोघांना हाणलं, मग शत्रूच्या स्नायपर्सनी घात केला, वय फक्त २२!! व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मरणोत्तर. आता माझ्या आईने पुठ्ठ्याचं पदक कापून त्याला सोनेरी कागद चिकटवलाय (खरं ब्राँझचं असतं, पण आजीला कोण सांगणार), पदकाची मरून फीत मात्र मेन रोडला मिळेना, कुठे मिळेल? आणि देवळाली कॅम्प, नाशिकरोड साइडला याच रेजिमेंटमधून रिटायर झालेले कुणी काका आहेत का, पोराला रेजिमेंटची युद्धगर्जना नीट शिकायचीये, प्लीज मेसेज करा.