ल्युसीन: पानांच्या संख्येवर रेंज क्वेरी (अमुक ते तमुक असा शोध) चालत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची यादी शोधता यावी म्हणून जावामध्ये छोटं ॲप लिहितोय. सर्व्हर वगैरे भानगड नाही, थेट ल्युसीन ९ (मजकूर शोधायची जावा लायब्ररी). शीर्षक-लेखकावरचा शोध झकास चालतो. घोडं अडलंय ते आकड्यांपाशी.

'वर्ष' आणि 'पाने' आधी स्ट्रिंगफील्ड (आकडाही मजकूर म्हणून ठेवणारं फील्ड) म्हणून टाकली होती. १९५० ते १९६० विचारलं की पुस्तकं बरोबर यायची. पण १०० ते ३०० पानं विचारली की २५ पानांची पुस्तिका हजर, २५०० पानांचा कोशही हजर! ५० ते २०० ला तर एकही पुस्तक नाही.

मग दोन्ही फील्ड इंटपॉइंट (पूर्णांकांसाठीचा प्रकार) केली आणि नव्या फोल्डरात इंडेक्स (शोधासाठीची सूची) पहिल्यापासून बांधला. आता वर्षालाही शून्य निकाल. एक्सेप्शन नाही, काही नाही. क्वेरी क्लासिक क्वेरीपार्सरला (टाइप केलेल्या ओळीची क्वेरी करणाऱ्या क्लासला) स्ट्रिंग देऊन बनवतो. जुन्या लेखांत न्यूमेरिकरेंजक्वेरी वापरा म्हणतात, तो क्लासच सापडत नाही. काय राहतंय?

प्रतिसाद १

सोपा उपाय: आकड्यांना डावीकडे शून्यं लावा. ००१००, ००३००. स्ट्रिंगच ठेवा, पार्सरही तसाच राहील.

प्रतिसाद २

शून्यं लावून चालेल, पण कशाला? रुंदी आधीच ठरवावी लागते, ऋण आकडे आले की क्रम उलटतो, आणि वापरणाऱ्याने टाइप केलेल्या आकड्यालाही शून्यं लावत बसायचं. वर्ष बरोबर येत होतं ते केवळ सगळी वर्षं चार अंकी म्हणून. स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते; '२५' हे '१००' च्या पुढे आणि '३००' च्या मागे. '५०' तर '२००' च्याही पुढे, म्हणून ती रेंजच रिकामी.

इंटपॉइंट योग्यच आहे. शून्य निकाल पार्सरमुळे. क्लासिक पार्सरला फील्डचा प्रकार माहीत नसतो. रेंजचा कंस दिसला की तो टर्मरेंजक्वेरी बनवतो आणि ती टर्म्सच्या, म्हणजे इंडेक्समधल्या शब्दांच्या, यादीत शोधते. इंटपॉइंटचे आकडे त्या यादीत जातच नाहीत, ते बीकेडी ट्री नावाच्या आकड्यांसाठीच्या वेगळ्या रचनेत जातात. त्यामुळे एरर नाही आणि निकालही नाही. रेंज कोडमध्येच बनवा: इंटपॉइंट.न्यूरेंजक्वेरी, त्यात फील्डचं नाव, खालची हद्द, वरची हद्द. दोन्ही हद्दी धरूनच शोधते. ती बूलियनक्वेरीत (अनेक अटी जोडणाऱ्या क्वेरीत) फिल्टर म्हणून जोडा, म्हणजे स्कोअरवर, म्हणजे निकालांचा क्रम ठरवणाऱ्या गुणांवर, परिणाम होणार नाही. टाइप करूनच रेंज हवी असेल तर स्टँडर्डक्वेरीपार्सरला पॉइंट्सकॉन्फिग (कुठलं फील्ड आकड्यांचं ते सांगणारी सेटिंग) देता येतो.

न्यूमेरिकरेंजक्वेरी हे ६ च्या आधीचं प्रकरण. २०१६ मध्ये पॉइंट्स (इंटपॉइंटसारखे प्रकार) आले आणि ते मागे पडलं. ते लेख विसरा.

बीकेडीत आकडे क्रमाने गठ्ठ्यांत बांधलेले असतात. अख्खा गठ्ठा रेंजमध्ये बसला तर न तपासता उचलायचा, पूर्ण बाहेर असेल तर सोडून द्यायचा. एकेक आकडा तपासायचा तो फक्त काठावरच्या गठ्ठ्यांत.

धागाकर्ता

चाललं! मनापासून आभार. आता दोन नवी दुखणी. निकालात पानांच्या जागी नल छापतंय, आणि पानांवर सॉर्ट केलं की डॉकव्हॅल्यूजचा (सॉर्टसाठी वेगळ्या साठवलेल्या किमतींचा) प्रकार 'नन', म्हणजे काहीच नाही, असं म्हणून एक्सेप्शन येतं.

प्रतिसाद २

येणारच. इंटपॉइंट फक्त शोधण्यापुरतं. दाखवायला त्याच नावाचं स्टोअर्डफील्ड, सॉर्टला त्याच नावाचं न्यूमेरिकडॉकव्हॅल्यूजफील्ड, तिन्ही एकाच डॉक्युमेंटमध्ये टाका. ९ मधल्याच नंतरच्या उपआवृत्त्यांत इंटफील्ड आहे, ते शोध आणि सॉर्ट दोन्ही एकदम सांभाळतं. हा बदलही पुन्हा नव्या फोल्डरातच बांधा. ९ पासून एकाच फील्डची रचना डॉक्युमेंटागणिक बदललेली चालत नाही.

प्रतिसाद ३

जुनी पुस्तकं म्हणताय, तर काहींवर नुसतं शके असेल. त्याचं काय करताय?

धागाकर्ता

तेच विचारणार होतो. सध्या सरळ ७८ मिळवतोय. शिवाय एक्सेलमध्ये अर्धे आकडे देवनागरीत आहेत, अर्धे इंग्रजी.

प्रतिसाद ३

अंकांची काळजी नको, जावाचं इंटिजर.पार्सइंट देवनागरी अंकही वाचतं. स्ट्रिंग ठेवली असती तर मात्र दोन्ही लिप्यांचे आकडे वेगवेगळ्या टोकांना गेले असते.

शकाचं मात्र नुसते ७८ मिळवून काम होत नाही. शके १८२५ म्हणजे १९०३ चा चैत्र ते १९०४ चा फाल्गुन. महिना छापलेला नसेल तर त्याच डॉक्युमेंटमध्ये 'वर्ष' नावाची दोन इंटपॉइंट टाका, १९०३ आणि १९०४. रेंजमध्ये कुठलंही एक आलं तरी पुस्तक सापडतं. सॉर्टच्या फील्डमध्ये मात्र एकच किंमत बसते, तिथे १९०३ की १९०४ हे तुम्हीच ठरवा. मी आधीचं ठेवलं असतं. दाखवायला मूळ 'शके १८२५' तसंच स्टोअर करा, ग्रंथपाल खूश होतील.

धागाकर्ता

दोन वर्षं टाकायचं डोक्यातच आलं नव्हतं. रात्री इंडेक्स बांधतो आणि कळवतो.