मदत हवी आहे: बाणावलीत हॉटेल की भाड्याचा फ्लॅट?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आठवडाभर गोव्याला जातोय. मडगावला रेल्वेने उतरून बाणावली किंवा कोलव्याला राहू. सोबत सासूबाई (डायबेटिस, शिवाय गुडघेदुखी) आणि दोन वर्षांचं शेंडेफळ.

फ्लॅट घेतला तर सासूबाईंची भाकरी, पोराचा मऊ भात घरीच होईल, मडगावच्या बाजारातून बांगडे आणून तळता येतील. पण मग सुट्टीतही ओट्याशी मीच ना! त्यात लिफ्ट आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे फोटोत कुठे दिसतं? हॉटेलात केर-चादरींची कटकट नाही, पण रात्री दहाला दूध गरम करून कोण देणार?

तिथे कुटुंबासह राहिलेल्यांनी सांगा: फ्लॅटमध्ये गॅस, कुकर खरंच धड असतात का? डिपॉझिट सुखासुखी परत मिळतं? स्वयंपाकाला मावशी मिळतात का? तळमजल्यावरची जागा माहीत असेल तर जरूर कळवा.