साताऱ्यात राहून समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी., विषय सामाजिक न्यायाचा: कसं जमवायचं?

माणदेशी_वाट

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्र (समुपदेशन), ६१ टक्के. सध्या कराडजवळच्या एका महाविद्यालयात कंत्राटी समुपदेशक. पीएच.डी. करायची आहे, पण जिल्हा सोडणं शक्य नाही. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत समुपदेशन मानसशास्त्राची डॉक्टरेट उघडपणे सामाजिक न्यायाभोवती बांधलेली असते. तसं काही इथे आहे का? की नेहमीची पीएच.डी. करून त्यात ते बसवायचं?

विषय डोक्यात आहे: 'ऊसतोड कामगार महिलांच्या मानसिक आरोग्यावर समुपदेशनाचा परिणाम, सामाजिक न्यायाच्या दृष्टिकोनातून'. आठ आठवड्यांची सत्रं, आधी-नंतर चाचणी, तीन महिन्यांनी पाठपुरावा असा आराखडा आहे. नोकरी सांभाळून होईल का, आणि पदवी मिळाल्यावर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते का, हेही सांगा. चुका काढा, राग नाही.

कृष्णाकाठ

आपल्याकडची पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे, हे आधी पक्कं करा. समुपदेशक घडवण्याचं काम ती करत नाही. अमेरिकेत त्याच पदवीत वर्गातले विषय, देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, प्रबंध आणि शेवटी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप (बहुतेक ठिकाणी २,००० तासांच्या आसपास) असं सगळं येतं. पाच-सहा वर्षं सहज जातात. नंतर परवाना राज्याकडून घ्यायचा, त्याची परीक्षा निराळी. तिथे सामाजिक न्याय हा एक पेपर नसतो. प्रशिक्षण कुठल्या वस्तीत घ्यायचं, पर्यवेक्षक काय विचारतो, मूल्यमापनात काय मोजतात, इथपर्यंत तो उतरतो. २०१५ ची बहुसांस्कृतिक आणि सामाजिक न्याय समुपदेशन क्षमतांची चौकट बरेच जण पायाला घेतात: समुपदेशकाची स्वतःबद्दलची जाण, समोरच्याचं जग, दोघांमधलं नातं, आणि समुपदेशनाबरोबर हक्कांसाठी करायचा पाठपुरावा (अ‍ॅडव्होकसी). ती जरूर वाचा. आपल्याकडच्या जातीच्या प्रश्नाला ती जशीच्या तशी लागू होत नाही, तरी सांगाडा चांगला आहे.

इथलं गणित यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांवर चालतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन, एकूण दहाच्या आत. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा, आणि ५५ टक्के पडले तरच पुढे जाता येतं. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही केंद्राची सक्ती आता नाही, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम वाचा. प्रवेशाला एम.ए.त ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. तुमचं तेवढं भागतं. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे असतात, आणि मानसशास्त्रवाले तिथेच मार खातात. २०२४ पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) गुणांवरही प्रवेश मिळतो: ७० टक्के भार नेटचा, ३० मुलाखतीचा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) नसेल तर ते गुण एकच वर्ष चालतात, एवढं ध्यानात असू द्या.

सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. साताऱ्यात रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. दोन्हीकडची मार्गदर्शकांची यादी काढा आणि दोनच गोष्टी बघा. रिकामी जागा किती (प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात), आणि निवृत्तीला किती वर्षं उरली. तीन वर्षांहून कमी असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. हे न बघता वर्षभर एकाच सरांच्या दारात बसणारे ढिगाने सापडतील.

प्रॅक्टिसचं थोडक्यात: पीएच.डी.मुळे नावामागे 'डॉ.' लागतं, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लागत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी हवी. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत येतात. पाटीवर काय लिहायचं ते हे बघून ठरवा.

मिरज_जंक्शन

विषय चांगला आहे, आराखडा मात्र टिकणार नाही. का ते सांगतो.

गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतं. एका शिवारातला ऊस संपला की टोळी कोप्या (झोपड्या) मोडून पुढच्या गावाला. आठ आठवडे त्याच बायका त्याच ठिकाणी मिळतील ही आशा सोडा. तीन महिन्यांनी पाठपुरावा करायला जाल तेव्हा त्या बीडला परतलेल्या असतील आणि निम्मे फोन बंद. शिवाय 'परिणाम' म्हटलं की तुलनेचा गट आला. मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ बायका शेवटपर्यंत टिकाव्या लागतात. गळती धरली तर सुरुवात नव्वदीच्या पुढून. एकट्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

दुसरा घोळ वेळापत्रकाचा. जुलै-ऑगस्टात नोंदणी, मग कोर्सवर्क, मग सल्लागार समितीपुढे आराखडा, मग नैतिकता समिती. मंजुरी फेब्रुवारीत हातात पडते तेव्हा पट्टा पडत (गाळप संपत) आलेला असतो, आणि एक अख्खा हंगाम जातो. म्हणून उलटं मोजा: ऑक्टोबरात शिवारात जायचं तर नैतिकता समितीचा अर्ज जूनपर्यंत गेला पाहिजे. तुमच्या संशोधन केंद्रात समिती नसेल तर लेखी करार करून दुसऱ्या संस्थेची वापरता येते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत समिती ७ ते १५ जणांची, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि एक तरी सामान्य नागरिक असं सांगितलं आहे.

आता संमतीचं. फडात शिरायचा रस्ता मुकादमाकडून (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून) जातो, आणि तिथेच संमती खोटी ठरते. जिच्या डोक्यावर उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आहे ती बाई मुकादमाने 'ताईंना माहिती दे' म्हटल्यावर नाही म्हणू शकत नाही. तेव्हा शिवारात यायला त्याची परवानगी घ्या, पण कोण बोलणार हे त्याला कळू देऊ नका. साखरशाळेच्या (ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेच्या) शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई यांच्यामार्फत निरोप द्या आणि बोलणं पाण्याला किंवा सरपणाला जायच्या वेळेला जमवा. पहाटेपासून तोड आणि रात्री-बेरात्री गाडी भरणं. मध्ये तुम्ही दीड तास मागितलात तर कोयत्याचं (नवरा-बायकोच्या जोडीचं) काम मागे पडतं आणि दोघांच्या नावावर खाडा (गैरहजेरीचा दंड) लागू शकतो. त्या वेळेचा मोबदला किती, कसा, हे समितीच्या अर्जातच लिहा. मुलाखत ३०-४० मिनिटांची, हवं तर दोन तुकड्यांत. संमतीपत्र वाचून दाखवा, अंगठा घ्या, साक्षीदार टोळीबाहेरचा ठेवा.

आणि हे विसरलात तर अडकाल: या कामात सतरा वर्षांची विवाहित, गरोदर मुलगी भेटणारच. पोक्सोच्या (बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा. गोपनीयतेला ही मर्यादा आहे हे बोलणं सुरू होण्याआधी सांगा. मधेच सांगितलं तर तो विश्वासघात. मुलाखतीत कोणी कोसळलं तर पुढे कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं हवं: जवळचं ग्रामीण रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

माझं मत: 'परिणाम' काढून टाका. १५ ते २० सखोल मुलाखती, मराठीतच संकेतन (उत्तरांतले मुद्दे टिपून गट पाडणं), मराठीतच विश्लेषण. इंग्रजी फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या उताऱ्यांपुरतं.

फुले_शाहू_वाचक

मिरजकरांचा फडाबद्दलचा शब्द न् शब्द बरोबर. पण 'सामाजिक न्याय म्हणजे मुलाखती' हे समीकरण पटत नाही. आकड्यांशिवाय जिल्हा परिषद हलत नाही.

मला तर विषयच चुकीच्या टोकाने धरल्यासारखा वाटतो. पीएच.डी. समुपदेशन मानसशास्त्रात आहे ना? मग समुपदेशकांना तपासा. सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांत, किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकांत, पोलिसांकडच्या महिला-बालक विशेष कक्षांत बसणारी माणसं अन्यायाची तक्रार समोर आली की नेमकं काय करतात? उदाहरण घ्या. वसतिगृहातला मुलगा झोप येत नाही म्हणून येतो. चार प्रश्नांत कळतं की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय आणि मेसवाल्याने डबा बंद करायची धमकी दिलीय. एक समुपदेशक त्याला श्वासाचे व्यायाम आणि नकारात्मक विचारांची वही देतो. दुसरा विचारतो, अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला थांबलाय की समाजकल्याणच्या, आणि त्याच्यासोबत कारकुनाच्या टेबलापर्यंत जातो. तिसरा त्याला न विचारताच प्राचार्यांना पत्र लिहितो आणि मुलगा वर्गात उघडा पडतो. अमेरिकन समुपदेशन संघटनेच्या हक्क-पाठपुराव्याच्या (अ‍ॅडव्होकसी) क्षमतांमध्ये 'सोबत' आणि 'वतीने' अशी फोड केली आहे, एका माणसापासून समाज आणि धोरणापर्यंत. ती इथे नीट तपासता येते. असे आठ-दहा प्रसंग लिहा, दीडशे समुपदेशकांना द्या, त्यांची उत्तरं गुणांकित करा, मग त्यातल्या बारा-पंधरा जणांच्या मुलाखती. मिश्र पद्धत, आणि कराडहून एसटीने होण्याजोगी.

फक्त तयार मापनी आयात करू नका. सामाजिक न्याय मापनी म्हणून २४ विधानांची एक प्रसिद्ध आहे, २०१२ ची, सात बिंदूंची. समुपदेशकांना दिलीत तर सगळे सहा-सात वर खूण करतील, कारण 'अन्यायाविरुद्ध उभं राहणं महत्त्वाचं' याला नाही कोण म्हणेल? गुण छताला टेकले की सहसंबंध निघत नाहीत. तरी वापरायचीच असेल तर लेखकांची परवानगी, दोन स्वतंत्र भाषांतरं, उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग आठ-दहा जणांना प्रत्येक विधान 'तुम्हाला यातून काय समजलं?' असं विचारणं. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते आणि तिथेच मापनी फुटते. घटक-विश्लेषणाला (कुठली विधानं एकत्र जातात हे तपासायला) विधानामागे ५ ते १० माणसं धरा, आणि पडताळणीचा नमुना वेगळा घ्या. त्याच लोकांवर दोन्ही केलंत तर परीक्षक प्रबंध परत पाठवेल, आणि ते योग्यच असेल.

प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण पीएच.डी.त मिळत नाही हे कृष्णाकाठांनी सांगितलंच. ते बाहेरून जोडा. आठवड्याला एक तास पर्यवेक्षण, तोही प्रबंधाच्या मार्गदर्शकाकडे नको. ज्याच्या सहीवर तुमची पदवी अडते त्याच्यासमोर सत्रातली चूक कोण कबूल करेल? तासांची वही ठेवा: तारीख, सत्राचा प्रकार, मिनिटं, पर्यवेक्षकाची सही, व्यक्तीचं नाव नाही. व्यसनमुक्तीच्या कामासाठी साताऱ्यात 'परिवर्तन' आहे, सांगलीत शरीरविक्रय करणाऱ्या बायकांच्या हक्कांवर 'संग्राम'चं जुनं काम आहे. विचारून बघा, पण 'नमुना गोळा करायला' जाऊ नका, तिथे ते लगेच ओळखतात.

पर्यवेक्षणात एक प्रश्न ठरवून घ्या. आपल्याकडे पहिल्या भेटीत 'आडनाव काय, कुठले तुम्ही?' विचारलं जातं, आणि समोरचाही तुमचं आडनाव पाटीवर वाचून आलेला असतो. त्यानंतर तो काय बोलला नाही, हे दर सत्रानंतर तपासायचं.

माणदेशी_वाट

सगळ्यांचे आभार. समुपदेशकांचा विषय जास्त पटतोय, ऊसतोडीचे दोन प्रसंग त्यातच घेईन. एकच राहिलं: फेलोशिप घेऊ की नोकरी ठेवू?

कृष्णाकाठ

दोन्ही एकदम नाही. फेलोशिप पूर्णवेळ संशोधकासाठी असते. पगार चालू ठेवून उचललीत तर वसुली लागते. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,०००, म्हणजे बऱ्याच कंत्राटी पगारांपेक्षा जास्त. ती नसेल तर प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघा. नोंदणीच्या तारखेची अट आधी वाचा, पुष्कळ अर्ज तिथेच गळतात. पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, सहा महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या.

नोकरी ठेवायची तर अर्धवेळ नोंदणी. त्याला संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि 'हरकत नाही' एवढं पुरत नाही. अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपात संशोधनाला वेळ देता येतो आणि कोर्सवर्कसाठी लागल्यास कामातून मोकळीक मिळेल, ही तिन्ही वाक्यं त्यात हवीत. तुमचं कंत्राट अकरा महिन्यांचं असेल तर पत्रावर तारीख कोणती पडते ते बघा, आणि ते अर्जाची खिडकी उघडायच्या आधीच मागा. मे महिन्यात प्राचार्य सापडत नाहीत.