टस्कनीत शेतावर घर घेऊन एक आठवडा: मे महिना, सात माणसं, जळगावहून

वाघूरकाठ
राम राम मंडळी. मेच्या सुट्टीत इटलीला जायचं ठरतंय. रोज बॅगा भरून नवीन शहर, असं नको. टस्कनीत शेतावरचं घर घेऊन सहा-सात रात्री एकाच जागी राहायचं आहे. आई-वडील सत्तरीचे, अंडंही न खाणारे. आम्ही दोघं, बहीण, आणि मुलं ९ आणि ५ वर्षांची. गाडी मी आणि बहीण दोघंही चालवतो. घरचं उत्पन्न मुख्यतः केळी-कापसाचं. मे योग्य आहे का, घर घेताना काय बघायचं, गाडी कोणती, व्हिसाला शेतीचे कागद चालतात का आणि जेवणाचं काय, हे जाणकारांनी सांगावं.

सातपुडा_पायथा
मे उत्तम. सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चा भागात (पिएन्झा, सान क्विरिको, मोंतेपुल्चानो) दुपारी २२-२४ अंश, पहाटे १०-१२. गहू अजून हिरवा असतो आणि बांधांवर लाल खसखशीची फुलं. सूर्यफुलांचे फोटो बघून निघाला असाल तर ते जूनअखेर-जुलैचं काम. आपल्याकडे ४३-४४ सोसून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथली सकाळ बोचते, म्हणून स्वेटर न्याच. तिकडे एप्रिलच्या मध्यानंतर बऱ्याच घरांतलं हीटिंग बंद होतं. ज्यादा पांघरुणं आहेत का ते आधी विचारा.

शोधताना ‘अग्रितुरिस्मो’ शब्द वापरा. १९८५ पासून तिथे यासाठी कायदा आहे: शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. म्हणजे मालक बहुधा शेतावरच भेटतो, तेल-चीज-वाइन घरचं असतं. ‘विला’ म्हणून मिळतं त्यात हे असेलच असं नाही. खोल्या नकोत, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. आई-वडिलांची खोली आणि संडास तळमजल्यावर आहे का, हे लेखी विचारा. जुन्या दगडी घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात.

पोहण्याच्या तलावावर मुलांना फार आशा लावू नका. बहुतेक तलाव उघडे आणि न तापवलेले. कित्येक ठिकाणी मेअखेरीला किंवा जूनमध्येच सुरू होतात. उघडण्याची तारीख आणि भोवती कुंपण आहे का, दोन्ही विचारून घ्या.

विजेचं मात्र कुणी सांगत नाही. इटालियन घरांना साधारण ३ किलोवॉटचीच जोडणी असते. इंडक्शन, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा बॉयलर एकदम लावला की सगळं घर अंधारात. मीटर बऱ्याचदा घराबाहेर किंवा रस्त्याकडेच्या पेटीत असतो. पोचल्या दिवशीच मालकाकडून त्याचा खटका बघून ठेवा. आपली तीन जाड पिनांची प्लग तिथल्या भिंतीत जात नाही, अॅडॅप्टर लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवार असंच घर मिळतं, मेमध्ये तेवढी सक्ती नसते. पण २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या त्यांच्या सुट्ट्यांना लागून तारखा घेऊ नका.

कागदपत्र_धुळे
व्हिसाबद्दल. महाराष्ट्राचे अर्ज इटलीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मेसाठी फेब्रुवारीतच द्या, एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आत माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. १२ च्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

शेतीचं उत्पन्न चालतं, पण ते बँकेत दिसलं पाहिजे. सातबारा आणि ८-अ चं इंग्रजी भाषांतर नोटरी करून, केळीच्या विक्रीपट्ट्या, जिनिंगची कापसाची पावती, आणि त्या रकमा ज्या खात्यात आल्या त्याचं स्टेटमेंट. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरलेलं असेल तर जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम पाच-सात लाख टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. अधिकारी आधी तोच आकडा बघतो. आई-वडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा. बहीण नोकरीत असेल तर रजेचं पत्र.

विमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेन भागासाठी (या एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश). तिकीट, घराचं बुकिंग आणि विमा या तिन्हींच्या तारखा जुळल्या पाहिजेत. घर ‘फुकट रद्द करता येईल’ असंच घ्या.

व्हिसा हाती आला की लगेच आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, तुम्ही आणि बहीण दोघांचा. मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत हवं, नुसता परवाना पुरत नाही.

घाटरस्ता
गाडीचं मी सांगतो, कारण पैसे इथेच जातात.

सात जणांना सात सीटची गाडी घेऊ नका. तिसरी रांग उघडली की डिकीत एक बॅगही मावत नाही. चालवणारे दोघं आहात तर दोन लहान गाड्या घ्या. गल्ल्या अरुंद आहेत, नऊ सीटची व्हॅन गावात वळत नाही. ऑटोमॅटिक थोड्या आणि महाग, लवकर बुक करा. गिअरची घेतली तर तो उजव्या हाताला येतो, आणि रस्त्याची बाजूही उजवी. डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड घेऊन गेलात तर बरेचदा काउंटरवरून परत फिरवतात.

दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत लहान मुलांची खास सीट सक्तीची, म्हणजे दोन्ही मुलांना. वजन-उंची सांगून भाड्यानेच घ्या.

रात्रभर विमानात बसून थेट गाडी हातात घेऊ नका. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळापासून वाल दोर्चा दोन-अडीच तासांवर आहे. एक रात्र रोममध्ये काढा, सकाळी निघा.

हमरस्त्यावर टोलची चिठ्ठी शिरताना घ्यायची, पैसे उतरताना. नुसत्या पिवळ्या ‘टेलेपास’ (आपल्या फास्टॅगसारखं) रांगेत शिरू नका. वेग हमरस्त्यावर १३०, साध्या रस्त्यावर ९०, गावात ५०. गावाबाहेर दिवसाही दिवे चालू हवेत.

आता ‘झेडटीएल’. फ्लॉरेन्स, सिएना आणि बऱ्याच लहान गावांचा जुना भाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. फाटक नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. पाटीवर ‘वार्को अत्तीवो’ दिसलं म्हणजे कॅमेरा चालू, आत जायचं नाही. ‘नोन अत्तीवो’ म्हणजे मोकळं. मॅप तुम्हाला सरळ आत नेतो. दर वेळी शिरलात की वेगळा दंड, वर भाड्याच्या कंपनीचा आकार, आणि नोटीस काही महिन्यांनी जळगावच्या पत्त्यावर. गावाबाहेरच्या पार्किंगला गाडी लावा: पांढरे पट्टे फुकट, निळे पैसे देऊन, पिवळे आपल्यासाठी नाहीत.

शेतघराकडे जाणारे शेवटचे दोन-चार किलोमीटर बहुधा पांढऱ्या खडीचे. भाड्याच्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बरेचदा नसतो, तेव्हा तिथे ३० च्या वर जाऊ नका.

कळण्याची_भाकर
जेवणाचं मी बघते. आधी काय न्यायचं नाही: युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, बर्फी सगळं जप्त, दंडही होतो. आंबे-कैऱ्याही नाहीत. गंमत म्हणजे ज्या मोजक्या फळांना सूट आहे त्यांत केळं आहे, तेव्हा रावेरची केळी बिनधास्त! पीठ, डाळी, मसाले, चटण्या, बिबडे चालतात. पाकिटं बंद आणि नावाची असू द्या.

कुकर आणि लोखंडी तवा मोठ्या बॅगेत घाला. शेगडी गॅसची आहे का ते आधी विचारा. इंडक्शन असेल तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बेसन ‘फारीना दी चेची’ नावाने मिळतं. तांदूळ घेताना आर्बोरिओ हा तिथला जाड तांदूळ भातासाठी नको, चिकट होतो. खिचडीला मात्र छान. कोथिंबीर समजून सगळे जण तशीच दिसणारी पार्सली उचलतात, आधी वास घ्या. भरताला जांभळं मोठं वांगं मिळतं. बामणोदच्या वांग्याची सर नाही, पण निखाऱ्यावर भाजलं तर चालून जातं. ठेचा इथूनच न्या.

दुकानात भाजी हातमोजा घालून घ्यायची, काट्यावर नंबर दाबून चिकटपट्टी लावायची. ती नसेल तर काउंटरवरून परत पाठवतात. गावातली दुकानं दुपारी १ ते ४ बंद, रविवारी बऱ्याचदा पूर्ण. शनिवारीच भरून ठेवा.

बाहेर खाताना: ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, सुक्यात नसतं. ‘पीची’ हा तिथला जाड पास्ता साधारण पीठ-पाण्याचाच, तरी विचारा. ‘पीची आल्लाल्योने’ म्हणजे टोमॅटो-लसूण, वडिलांना आवडेल. सूप भाजीचं दिसलं तरी मांसाच्या पाण्यावर केलेलं असू शकतं. ब्रेड-रोटीत डुकराची चरबी असते कधी, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. पार्मेजान चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात तो वासराच्या पोटातला अर्क) असतंच. ते आई-वडिलांना चालतं का हे घरीच ठरवा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, सातला जेवणाऱ्यांनी घरीच खावं.

वाघूरकाठ
सगळ्यांचे आभार. वडिलांना बीपी आणि साखर आहे. औषधांचं?

कागदपत्र_धुळे
पूर्ण मुदतीची औषधं हाताच्या बॅगेत, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपले ब्रँड तिथे ओळखत नाहीत. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसने ओळखा, अडचणीला ११२. आणि विमा घेताना ‘आधीपासूनचे आजार’ हा रकाना खरा भरा. स्वस्त पॉलिसीत ते वगळलेले असतात; सत्तरीच्या माणसासाठी हप्ता दुप्पट पडला तरी ते धरणारीच घ्या.